27व्या वर्षी दहावी : 17 नंबरचा फॉर्म की मुक्त विद्यालय?

मेधा_कोपरखैरणे | 7 जुलै 2025
मंडळी, सल्ला हवाय. मी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. कोपरखैरण्यात एका संस्थेच्या खोलीत संध्याकाळी दहावीला बाहेरून बसणाऱ्यांना शिकवते. बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या, शिवाय दोन रिक्षावाले आणि एक वॉचमन. मे महिन्यापासून एक नवी विद्यार्थिनी यायला लागली आहे. इथे तिला 'र' म्हणते. ती तृतीयपंथी आहे, वय 27, आठवीत शाळा सुटली. तुर्भ्याला गुरूच्या डेऱ्यात (गुरू आणि तिचे चेले एकत्र राहतात ते घर) राहते, सकाळी मार्केटात मंगतीला, म्हणजे पैसे मागायला जाते. चक्रवाढ व्याज मला तिला शिकवावंच लागलं नाही. म्हणाली, "मॅडम, हे मला सावकाराने शिकवलंय."

अडचण अशी, की शाळा सोडल्याचा दाखला तिच्याजवळ नाही. तो गावच्या शाळेत मुलाच्या नावाने पडून आहे. आधारवर मात्र आता तिचं स्वतःचं नाव आहे. अशा वेळी 17 नंबरचा फॉर्म (राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्याचा अर्ज) भरावा की मुक्त विद्यालयातून बसवावं?

आणि दुसरं. तिच्या गुरूने तिला विचारलं, "दहावी करून काय होणार? तुला खुर्ची कोण देणार?" तिने तोच प्रश्न मला विचारला. तुम्ही काय सांगितलं असतं?

घाणेकर_नौपाडा
भाच्याचा 17 नंबरचा फॉर्म मीच भरला होता, म्हणून सांगतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं घेऊन संपर्क केंद्राच्या शाळेत जायचं. मूळ दाखला मागतात. तो नसेल तर द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. म्हणजे गावच्या शाळेत एकदा तरी जावंच लागणार. मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीतच आहे, सेक्टर 16 अ. तिथे समोरासमोर विचारून घ्या. गणिताच्या मास्तरणीला अंतराचा हिशेब मी काय सांगू!

विनायक_ऐरोली
राग येईल काहींना, तरी लिहितो. ठाणे-वाशी गाडीत रोज बघतो. एका फेरीत जे जमतं ते आमच्या ऑफिसच्या शिपायाला दिवसभर राबून मिळत नाही. मग दहावी करून दहा-बारा हजारांच्या नोकरीला कोण लागेल? गुरू व्यवहाराचं बोलला. आणि शाळा सगळ्यांना उघडी आहे, अडवलंय कुणी?

टिवल्याबावल्या
विनायकराव, सकाळच्या 8:50 च्या ट्रान्स-हार्बरला हात वर करून खाज सुटली तर खाजवता येत नाही. त्या डब्यात टाळी कशी वाजते आणि हिशेब कसा होतो, यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

झेलम
अडवलंय कुणी, याचं उत्तर मी देते. मी ट्रान्स बाई आहे, वागळे इस्टेटला राहते, एका संस्थेचे हिशेब बघते.

मला शाळेतून कुणीही काढलं नाही. माझ्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं आहे. सातवीपासून मी शाळेत पाणी पिणं बंद केलं होतं, कारण मुलांच्या मुतारीत गेले की दोघे-तिघे दार अडवून उभे राहायचे, आणि मुलींच्या बाजूला जायची सोय नव्हती. मग लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. त्यांना काय सांगणार? खेळाच्या तासाला सर म्हणायचे, "जरा चालून दाखव", आणि सगळी रांग हसायची. वडिलांना शाळेत बोलावलं ते माझ्या मार्कांसाठी नाही, 'याला सुधारा' म्हणायला. त्या रात्री काय झालं ते लिहीत नाही. आई म्हणाली, राहू दे शाळा. झाली विनंती.

आता पैशाचं. तुम्हाला डब्यात हातात पडलेली नोट दिसते. त्यातला गुरूचा वाटा, खोलीचं भाडं (आम्हाला दुसरीकडे खोली मिळत नाही हे मालकाला माहीत असतं, तो आकडा तसाच सांगतो), ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज, मध्येच रेल्वेचा दंड, हे कसं दिसणार? कर्जही बँकेचं नसतं, कारण पगाराची पावती नसते. 'र' चक्रवाढ व्याज कुठे शिकली ते मेधाताईंनी लिहिलंच आहे.

आणि गुरूला इतक्यात व्हिलन करू नका. मला घराबाहेर काढलं तेव्हा जेवायला घातलं ते गुरूनेच. पण म्हातारपणी गुरूला सांभाळतात ते चेलेच. तिला ना पेन्शन, ना मुलगा-सून. चेला शिकला, नोकरीला लागला, दुसरीकडे राहायला गेला, की तिचं कसं होणार? 'खुर्ची कोण देणार' या प्रश्नाच्या पोटात 'मला कोण बघणार' हा प्रश्न आहे. मेधाताई, तुम्ही 'र'च्या गुरूला एकदा भेटा. वाद घालायला नको, चहाला जा.

मेधा_कोपरखैरणे
झेलम, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. जाते.

नवीमुंबईकर_आकडे
2011च्या जनगणनेत लिंग 'इतर' लिहिलेले देशभरात 4,87,803, त्यातले महाराष्ट्रात 40,891. साक्षरता 56 टक्के, तेव्हा देशाची एकूण 73. हा आकडा कमीच धरा. जनगणनेत घरातली कर्ती व्यक्ती सांगेल ते लिहिलं जातं, आणि ज्याला घरातून काढलंय त्याचं नाव ती का सांगेल? जी घरात आहेत त्यांच्यापुढे 'इतर' असं सांगणारे आईबाप किती?

प्रसाद_महापे
मी महाप्याला एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. खुर्ची कोण देणार, तर आम्ही दिली होती. दोघींना घेतलं, त्यातली एक टिकली. दुसरी कामात चोख होती, पण तिला खोली मिळाली नाही. घणसोली, रबाळे, दिघा सगळीकडे फिरलो. एजंट फोनवर हो म्हणायचा, समोर बघितलं की मालक अचानक गावाला गेलेले असायचे. डेऱ्यातून रोज येणं तिला जमेना, रात्रीच्या पाळीनंतर तर नाहीच. दोन महिन्यांत गेली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2017 साली कोची मेट्रोने 23 ट्रान्स कर्मचारी घेतले तेव्हा देशभर कौतुक झालं. त्यांच्यातल्या काहींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, आणि मोठं कारण हेच, राहायला जागा कुणी देईना. पगारात लॉजचं भाडं भागत नव्हतं.

तरी विनायकरावांना एक सांगतो. आमच्याकडे पोरं पुढे सरकत नाहीत ती मुलाखतीत नाही, अर्जातच. 'किमान शिक्षण बारावी' या चाळणीत अर्ज गळतो. माणूस समोर आला तर साहेबांशी भांडता येतं, चाळणीशी कसं भांडू?

विनायक_ऐरोली
म्हणजे मी म्हणत होतो तेच ना? शिकूनही उपयोग नाही.

झेलम
विनायक, टिकली तिचं काय? ती तुम्ही मोजलीच नाही.

सरिता_ठाकुर्ली
आमच्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं उदाहरण आहेच की. कॉलेज केलं, भरतनाट्यम शिकल्या, जगभर फिरल्या. इच्छा असली तर होतं.

टिवल्याबावल्या
ठाकुर्लीला बसून 'आमच्या ठाण्याच्या'? कल्याणकर ऐकतायत.

झेलम
सरिताताई, लक्ष्मीबद्दल आदर आहेच. पण तिच्या घरच्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही, हे तीच जाहीरपणे सांगत आली आहे. घर राहिलं म्हणून कॉलेज झालं. इच्छा माझ्यातही होती हो. 15व्या वर्षी रात्री झोपायचं कुठे हे ठरत नसेल, तर इच्छा उशाला घेऊन फलाटावर झोपावं लागतं.

अॅड_कोर्टनाका
कायद्याचं थोडं लिहितो, कारण मूळ प्रश्न मागे पडतोय.

15 एप्रिल 2014 च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि या समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण द्या, असे निर्देश दिले. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात कलम 13 शिक्षणसंस्थांसाठी आहे : सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेने भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ आणि करमणुकीच्या संधी द्यायच्या. झेलमचा खेळाचा तास यात येतो.

'र'साठी कामाची गोष्ट ही की याच कायद्याच्या 2020 च्या नियमांच्या जोडपत्रात ज्या कागदपत्रांवर बदल करून मिळू शकतो त्यांची यादी आहे, त्यात शाळा, मंडळ, विद्यापीठाची प्रमाणपत्रंही आहेत. त्यासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र लागतं. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. तुर्भे ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. खारघर-पनवेलवाल्यांनी गोंधळ करू नये, त्यांचा जिल्हा रायगड, मुख्यालय अलिबाग. आधी ओळखपत्र, मग परीक्षेचा अर्ज, हा क्रम पाळा. गुणपत्रिका जुन्या नावाने छापून आली की ती बदलायला उगाच खेटे.

कबीर_नेरूळ
या शेवटच्या वाक्याला माझी सही. मी ट्रान्स पुरुष. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत ट्रान्स म्हणजे बाईच, ते नेहमीचंच आहे, आम्ही गाडीत दिसत नाही ना!

आमची गळती वेगळ्या दाराने होते. मला शाळेतून कुणी हाकललं नाही, उलट 'मुलगी हुशार आहे' म्हणायचे. आठवीपासून फ्रॉकऐवजी पंजाबी ड्रेस आला तेवढंच सुख. बारावीनंतर घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. मुलगी शिकेल तेवढी शिकेल, पण लग्न लांबता कामा नये. मी लांबच्या कॉलेजात प्रवेश घेतला तो अभ्यासक्रम बघून नाही, वसतिगृह बघून. वसतिगृह मुलींचं, त्याचा त्रास होताच, पण घरचे नव्हते. ती तीन वर्षं नसती तर आज मी कुणाचा तरी नवरा नसतो, कुणाची तरी बायको असतो.

पदवी जुन्या नावाने आहे. एका कंपनीत निवड झाली, जागा ठरली, मग कागद तपासणाऱ्या एजन्सीने कॉलेजला फोन केला. कॉलेजने सांगितलं, या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे नव्हता. मला पत्र आलं, 'माहितीत तफावत'. नावबदलाचं राजपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळं नेऊन दाखवलं तोवर जागा भरली होती. म्हणून 'र'ला सांगा, नावाचं आधी.

सुलभा_कळवा
मी पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. कलम 13 वगैरे सगळं बरोबर, पण वर्गात काय करायचं याचं प्रशिक्षण मला उभ्या नोकरीत कधी मिळालं नाही. जनगणना, निवडणूक, खिचडी, सगळ्याचं मिळालं.

जे जमलं ते सांगते. सहावीतलं एक मूल मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं. कारण कळल्यावर शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याला दिली. बस्स. जीआर नाही, समिती नाही. दोन शिक्षकांनी कुरकुर केली, आठवड्याने विसरले. हजेरीला मुलामुलींची नावं वेगळी न घेता अकारविल्हे घ्यायला लागलो, त्यानेही फरक पडतो. ते मूल दहावी झालं.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा चालते. सिग्नलवर गजरे-खेळणी विकणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच पुलाखाली गेली. मला वाटतं डेऱ्यांच्या बाबतीत तसंच करायला हवं. तुर्भ्यातच दुपारी दोन तास वर्ग घ्या. सकाळी मंगती, संध्याकाळी बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेणं), दुपार मोकळी असते ना, झेलम?

झेलम
असते. पण स्वतंत्र वर्गाची मला धास्ती वाटते. आम्ही आधीच वेगळ्या गल्लीत राहतो. 'र'ला मेधाताईंच्या खोलीत घरकामवाल्या ताई आणि रिक्षावाले दादा शेजारी बसतात, हेच निम्मं शिक्षण. त्यांचंही.

सुलभा_कळवा
सगळ्यांना रोज कोपरखैरण्यापर्यंत येण्याचं धाडस होत नाही. पहिली पायरी डेऱ्यात, दुसरी बाहेर, असं म्हणूया का? केरळात कोचीला 2016 मध्ये खास ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमाची शाळा काढली होती. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांच्यासाठीच.

झेलम
पहिली पायरी म्हणून चालेल. तिथेच जिना संपायला नको.

कौस्तुभ_घोडबंदर
आरक्षणाशिवाय हे सगळं मलमपट्टी आहे. कर्नाटकने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. आपल्याकडे साध्या पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यावा म्हणून डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारचे कान धरावे लागले. पिंपरी-चिंचवड पालिकेने मात्र 2022 मध्येच तृतीयपंथी सुरक्षारक्षक नेमले. ठाणे-नवी मुंबईला कुणी अडवलंय?

विनायक_ऐरोली
आता आलात मुद्द्यावर. शेवटी आरक्षणच.

कौस्तुभ_घोडबंदर
समांतर म्हणजे ज्याचा जो प्रवर्ग आहे त्यातच जागा. मागासवर्गीय ट्रान्स व्यक्तीला जात आणि लिंग यातलं एकच निवडायला लावू नका, एवढीच मागणी आहे. तुमच्या वाटणीचं काही जात नाही, निवांत झोपा.

(संपादक : दोघांनी आरक्षणाच्या जुन्या धाग्यावर जावं. इथे दहावीचं चाललंय.)

नवीमुंबईकर_आकडे
फीचा प्रश्न असेल तर, केंद्राच्या 'स्माइल' योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती आहे. 'इग्नू' या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने 2017 पासून ट्रान्स विद्यार्थ्यांना फी माफ केली आहे.

झेलम
शिष्यवृत्ती नववीपासून. मी गेले आठवीत, 'र' गेली आठवीत. या धाग्यावर आम्ही दोघीच आहोत, तरी दोघीही सरकारच्या दारापर्यंत पोचायच्या आत गळलेल्या. पाचवी ते आठवीच्या मुलाला पैसे नकोच असतात, सुलभाताईंची ती किल्ली हवी असते.

अॅड_कोर्टनाका
मेधाताई, मुक्त विद्यालयाचंही बघा, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. दहावीला 14 वर्षं पूर्ण हवीत. आधीच्या इयत्तेच्या दाखल्याऐवजी स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. मराठी माध्यम आहे, नोंदणी 5 वर्षं टिकते आणि त्यात 9 संधी मिळतात. विषय एकेक करून सोडवता येतात. मंगतीवर पोट असणाऱ्याला मार्चमध्ये सगळे पेपर एकदम देण्यापेक्षा हे सोपं.

घाणेकर_नौपाडा
सोपं आहे, पण लोक नाकं मुरडतात. 'एसएससी बोर्ड' म्हटलं की वजन पडतं.

प्रसाद_महापे
आमच्या चाळणीत दोन्ही सारखीच. सरकारी भरतीतही चालतं. नाकं मुरडणारे नोकरी देत नसतात, काका.

टिवल्याबावल्या
एनआयओएसमध्ये गणित घ्यायलाच हवं असं नाही म्हणे. मेधाताईंसमोर कुणी बोलू नका.

मेधा_कोपरखैरणे | 20 जुलै 2025
टिवल्या, वाचलं मी.

तुर्भ्याला जाऊन आले. 'र'च्या गुरूंनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग चहा मागवला. साठीच्या पुढच्या आहेत. शिक्षणाचा विषय मी काढलाच नाही, त्यांनीच काढला. म्हणाल्या, "पढ़ के जाएगी तो जाएगी. हमको काग़ज़ कौन पढ़ के देगा?" मग पिशवीतून कागद काढले : बँकेचं केवायसीचं पत्र, खोलीचा करार, एका चेल्याचा रुग्णालयाचा केसपेपर. करारात अकरा महिन्यांनी भाडं किती वाढणार ते लिहिलं होतं, आणि मालक दरवर्षी त्यापेक्षा जास्त घेत होता. 'र'ने तिथल्या तिथे फरक काढून दाखवला. मी आकडा तपासला, बरोबर होता. सौदा असा ठरला : मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी तिला बधाईतून सुट्टी, बदल्यात डेऱ्यातल्या सगळ्यांच्या ओळखपत्रांचे अर्ज तिने भरायचे. मालकाशी भांडायला वकीलसाहेब लागतील, व्यनि (खासगी निरोप) करते.

परीक्षेचं तिला दोन्ही समजावून सांगितलं. 17 नंबरचं तिला मनातून हवं होतं, सगळ्या पोरांबरोबर मार्चमध्ये हॉलमध्ये बसायचं म्हणून. पण दाखला जुन्या नावाचा, म्हणजे हॉलतिकीट जुन्या नावाचं, आणि पर्यवेक्षक वर्गात मोठ्याने नाव वाचणार. ते तिला नको. मुक्त विद्यालय ठरलं. आधी ओळखपत्राचा अर्ज करतोय, कबीर म्हणाला त्याप्रमाणे. गणित तिने स्वतःहून घेतलंय.

विनायक_ऐरोली
शुभेच्छा. पण दहावीनंतर काय, हे अजून कुणी सांगितलं नाही.

कबीर_नेरूळ
अकरावी.

प्रसाद_महापे
आणि खोली. ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात ट्रान्स भाडेकरू ठेवणारा मालक कुणाच्या ओळखीत असेल तर मला व्यनि करा. विनायक, ऐरोलीतला तुमचा दुसरा फ्लॅट रिकामा आहे असं मागच्या धाग्यात लिहिलं होतंत.

विनायक_ऐरोली
सोसायटी परवानगी देणार नाही.

अॅड_कोर्टनाका
2019 च्या कायद्यातलं कलम 3 वाचा. घर भाड्याने घेण्यात भेदभाव करायला मनाई आहे. सोसायटीला पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी फुकट देतो.

मेधा_कोपरखैरणे
त्या दोघांचं चालू दे. मला विज्ञानाला कुणीतरी हवंय. गणित आणि मराठी मी बघते, पण विद्युत परिपथ आले की माझाच फ्यूज उडतो. मंगळवार किंवा शुक्रवार, संध्याकाळी 6 ते 8.

सुलभा_कळवा
मी येते मंगळवारी. शुक्रवारी नाही जमणार, कळव्याहून ठाण्याला जाऊन गाडी बदलायची म्हणजे माझ्या गुडघ्यांची परीक्षा. तो ऐरोली-कळवा उन्नत मार्ग पूर्ण झाला की शुक्रवारचंही बघू.

टिवल्याबावल्या
तोवर 'र'ची पीएचडी होईल.